मनपाचा दवाखाना: गोळ्या फुकट, चिठ्ठी महाग

आधी निकाल. लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, टीबीचा कोर्स, बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या आणि कुत्रं चावल्यावरची सुई, एवढ्यासाठी मनपाचा दवाखाना बहुतेक खासगी दवाखान्यांपेक्षा बरा. बिनधास्त जा. सर्दी-खोकला, जुलाब, खरूज यालाही चालतो. छातीत दुखतंय, दम लागलाय, साप चावलाय, बाळंतीण अडली आहे, तर तिथं वेळ घालवू नका, थेट १०८ लावा. आणि भरती किंवा ऑपरेशन लागेल असं काही निघालं, तर हा दवाखाना हातात एक चिठ्ठी ठेवतो. सगळी गोची त्या चिठ्ठीपासून पुढं आहे.

मराठवाड्यात आज पाच महानगरपालिका आहेत: छत्रपती संभाजीनगर (१९८२), नांदेड-वाघाळा (१९९७), लातूर आणि परभणी (दोन्ही २०११) आणि सगळ्यात धाकटी जालना (२०२३). सार्वजनिक दवाखाने चालवणं हे महापालिकेचं १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातल्या कलम ६३ प्रमाणे बंधनकारक काम आहे. रस्ता, नळ, कचरा यांच्याच यादीत ते येतं. त्यामुळं काउंटरवर कुणी ‘फुकटात मिळतंय तर जरा थांबा’ असं सुनावलं, तर ऐकून घ्यायची गरज नाही.

तुलना मात्र मुंबईशी करू नका. मुंबई महापालिकेचं केईएम रुग्णालय १९२६ पासून उभं आहे, तिची स्वतःची मेडिकल कॉलेजं आहेत. आपल्याकडं मनपाचं काम ओपीडी आणि फार तर साध्या बाळंतपणापर्यंत. मोठं आजारपण राज्य सरकारच्या दारात. हे डोक्यात पक्कं ठेवून गेलं की निम्मा मनस्ताप वाचतो.

आता नेमकं काय मिळतं ते. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष असा की साधारण ५० हजार वस्तीमागं एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यात एक पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन. वस्तीत फिरायला दर १० हजारांमागं एक एएनएम (आरोग्यसेविका) आणि २०० ते ५०० घरांमागं एक आशाताई. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून याच्याही खाली, १५ ते २० हजार लोकांमागं एक, अशी छोटी केंद्रं काढायची होती. आता त्यांच्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी लागते. त्यात १ मे २०२३ पासून राज्यभर सुरू झालेला ‘आपला दवाखाना’. पाट्या आणि रंग वेगवेगळे असले तरी रुग्णाच्या दृष्टीनं खरा फरक वेळेचा. आरोग्य केंद्राची गर्दी सकाळची असते आणि दुपारनंतर तिथं शुकशुकाट. ‘आपला दवाखाना’ दुपारी २ ते रात्री १० साठी काढलेला. वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करणाऱ्याला, गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्याला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला दुसराच सोयीचा. फक्त संध्याकाळी रक्ताचा नमुना देऊ म्हणाल तर तो दुसऱ्या दिवशीच लॅबला जाईल. उपाशीपोटीची तपासणी असेल तर सकाळचंच केंद्र गाठा.

कागदपत्रं? ओपीडीसाठी काही नाही. रेशन कार्ड नाही, रहिवासी दाखला नाही, भाडेकरार नाही. उमरग्याहून लातूरला कालच आलेल्या माणसालाही गोळ्या मिळतात. आधार मागतात तो आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा, क्रमांक काढण्यासाठी, आणि तो क्रमांक ऐच्छिक आहे. नसला तरी तपासायला नकार देता येत नाही. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करून घ्या: केसपेपरवर नाव रेशन कार्डावर आहे तसंच्या तसं लिहायला सांगा. घरात ‘छाया’, आधारवर ‘छायाबाई’, रेशन कार्डावर ‘छबाबाई’ हा घोळ ओपीडीत चालून जातो. पुढं योजनेतून ऑपरेशन करायची वेळ आली की तिथं अडतो.

लसीकरण हा या सेवेतला सगळ्यात उजवा भाग. न्यूमोकोकलची एक लस खासगीत हजारांच्या घरात जाते. इथं ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना अशी तीनदा फुकट मिळते. जोडीला पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), रोटा (जुलाबाची), पोलिओ, गोवर-रुबेला. तरीही सगळ्यात जास्त भांडणं याच खिडकीवर होतात. कारण एकच, ‘आज नाही, पुढच्या वारी या’. हा आळस असतोच असं नाही. बीसीजी (टीबीची) आणि गोवर-रुबेला या भुकटीच्या लसी आहेत. कुपी एकदा पाणी घालून तयार केली की ४ तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. एका कुपीत पाच-दहा लेकरांचे डोस असतात. एका लेकरासाठी कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया. म्हणून सिस्टर ठरलेल्या वारी लेकरं गोळा करते. पेंटा, इंजेक्शनची पोलिओ, न्यूमोकोकल, टीडी (धनुर्वात-घटसर्प) यांचं तसं नाही. फोडलेली कुपी नीट थंड ठेवली आणि कुपीवरचा उष्णता दाखवणारा चौकोन बिघडला नाही, तर ती २८ दिवस वापरता येते. त्यामुळं दीड महिन्याच्या पेंटासाठी कुणी ‘कुपी फोडावी लागेल, पुढच्या आठवड्यात या’ म्हणालं, तर नम्रपणे विचारा की पेंटाला हा नियम कधीपासून लागला. बहुधा लगेच फ्रीज उघडतो.

त्या चौकोनाकडं तुम्हीही बघू शकता. कुपीच्या लेबलवर किंवा झाकणावर एक गोल आणि आत छोटा चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतकाच किंवा जास्त गडद झाला तर ती लस टोचायची नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ वर असतो आणि लाइट जाते, तेव्हा हे बघणं गैर नाही. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. केंद्रातल्या बर्फाच्या भिंतीच्या फ्रीजवर तापमानाचा तक्ता लटकवलेला असतो, दिवसातून दोनदा त्यात नोंद व्हायला हवी. तक्ता चार दिवसांपासून कोरा असेल तर त्या केंद्राबद्दल तुम्हाला बरंच कळलं.

सरकारी यादीत काय नाही तेही माहीत असू द्या. कांजिण्या, कावीळ ए, टायफॉइड आणि फ्लूच्या लसी लेकरांच्या या यादीत नाहीत. गालगुंडाची पण नाही. इथली गोवरची लस गोवर-रुबेला आहे, त्यात गालगुंड नसतो. हव्या असतील तर बाहेर घ्या, पण त्यापायी अख्खं लसीकरण खासगीत न्यायचं कारण नाही. आणि बाळाचं कार्ड जपा. ओलं झालं, फाटलं तर आधी नव्या कार्डावर जुन्या तारखा उतरवून घ्या, मगच पुढची लस टोचा.

कुत्रं चावल्यावर काय करायचं याची शिस्त मनपाच्या केंद्रात खासगीपेक्षा जास्त असते, कारण रोजचं काम आहे. जाण्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद काही लावू नका. ते नंतर साफ करायला लागतं आणि जखम आणखी चिघळते. लस दंडाच्या कातडीत, दोन ठिकाणी ०.१ मिली, अशी चार वेळा: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. पहिला दिवस शून्य धरून मोजतात. सोमवारी पहिली सुई तर पुढची गुरुवारी. इथंही फोडलेली कुपी ६ ते ८ तासांतच संपवायची असते, म्हणून दुपारी उशिरा एकट्यानं गेल्यावर कुरकुर ऐकायला मिळते. चावल्या दिवशीची पहिली सुई मात्र उद्यावर ढकलू देऊ नका. रक्त निघालं असेल, किंवा कातडी सोलवटलेल्या जागी लाळ लागली असेल, तर नुसती लस पुरत नाही. जखमेत सीरम भरावं लागतं, आणि ते बहुतेक आरोग्य केंद्रांत नसतं. त्यासाठी घाटी (संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) किंवा सिव्हिल (जिल्हा रुग्णालय). लस सुरू केल्यापासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं, पण जितकं लवकर तितकं चांगलं. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर पुन्हा चावल्यावर दोनच सुया, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी, सीरम नाही. म्हणून जुना कागद दाखवा, नाहीतर पुन्हा चारही सुया घ्याव्या लागतात.

बीपी-शुगर. इथं अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळ्या मिळतात आणि गोळी म्हणून त्या कंपनीच्या महागड्या पाकिटापेक्षा कमी नाहीत. अडचण साठ्याची. गोळ्या संपल्या की दोन प्रकार होतात. एकतर महिन्याऐवजी आठवड्याच्या देतात, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचे महिन्यात चार खाडे. नाहीतर ‘बाहेरून घ्या’. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: टेल्मिसार्टन संपलं म्हणून न बोलता दुसरंच पाकीट हातावर ठेवलं जातं आणि म्हातारं माणूस घरातली उरलेली जुनी गोळी आणि ही नवी दोन्ही खातं. दर वेळी रिकामं पाकीट सोबत न्या आणि फार्मासिस्टला विचारा, ‘हीच का, का बदलली?’ बदलली असेल तर ते केसपेपरवर डॉक्टरकडून लिहून घ्या. साखर बहुतेक ठिकाणी बोटाला टोचून पट्टीवर बघतात. ती त्या क्षणाची साखर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी हवी असेल तर ती होते का हे आधी विचारा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी निघायच्या आधी दोन महिन्यांच्या गोळ्या मागाव्यात आणि केसपेपरचा मोबाइलवर फोटो ठेवावा. दुसऱ्या शहरातलं केंद्र तुमचं नाव शोधत बसत नाही.

टीबीचं काम चोख. थुंकीचे नमुने, मशीनवरची तपासणी, सहा महिन्यांचा कोर्स (पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन) सगळं फुकट, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपये. गोळ्या वेळेवर येतात, पैसे अडतात. बहुतेक वेळा कारण बँकेचं असतं: जनधन खातं व्यवहाराविना झोपलेलं, किंवा आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं. बँकेत जाऊन ‘आधार लिंक आहे का’ एवढंच विचारू नका; ‘अनुदान कुठल्या खात्यात जाईल’ असं विचारा.

गरोदरपण. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, कार्ड घ्या. हिमोग्लोबिन, लघवी, एचआयव्ही, कावीळ बी, गुप्तरोग आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर, या तपासण्या व्हायलाच हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात विशेष तपासणी असते. त्या दिवशी गर्दी मरणाची, पण तपासणी नीट होते. सोनोग्राफी बहुतेक केंद्रांत होत नाही. सरकारी ठिकाणी ती जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली फुकट आहे, तेव्हा केंद्राकडून त्याची चिठ्ठी मागा. नाहीतर खासगीतला खर्च अंगावर पडतो.

आणि इथून आपण त्या चिठ्ठीवर येतो.

मनपाची जी थोडी प्रसूतिगृहं आहेत तिथं सरळ बाळंतपण होतं. सिझेरियनला भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागतं, बाळ अडलं तर बालरोगतज्ज्ञ लागतो. हे तिघे रात्री दोन वाजता एका जागी असतील अशी ठिकाणं कमी. मग चिठ्ठी लिहिली जाते, ‘पुढील उपचारासाठी घाटीत पाठवत आहोत’. पुढची धावपळ नातेवाइकांची. या धावपळीमागं एक प्रशासकीय कोडं आहे. मनपाचा दवाखाना नगरविकास खात्याच्या छत्राखालच्या महापालिकेचा. सिव्हिल, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याची. घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं विलासराव देशमुख संस्थेचं रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, ही वैद्यकीय शिक्षण खात्याची. तीन खाती, तिघांचे केसपेपर वेगळे, रजिस्टरं वेगळी. रुग्ण एकच असला तरी प्रत्येक दारात तो नवाच.

पैशातही हा फरक दिसतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. तो निर्णय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांना लागू नव्हता. त्यामुळं चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जे फुकट, त्याला घाटीत पावती फाडावी लागू शकते, आणि माणसाला वाटतं आपल्याला लुबाडलं. परभणी, जालन्यात नवी सरकारी मेडिकल कॉलेजं आल्यापासून जुन्या सिव्हिलची व्यवस्थाही बदलते आहे. तिथं खिडकीवर विचारूनच पैसे काढा.

जगात काही शहरांनी हे कोडं आपल्यापुरतं सोडवायचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोनं २००७ मध्ये विमा नसलेल्या रहिवाशांसाठी ‘हेल्दी सॅन फ्रान्सिस्को’ सुरू केलं. तो विमा नव्हता, शहराबाहेर तो चालत नाही. पण नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला एक ठरलेलं केंद्र मिळतं, आणि पुढं तज्ज्ञाकडं, रुग्णालयात पाठवायचं ते त्याच केंद्रामार्फत. त्यासाठीच्या कायद्यानं शहरातल्या मध्यम-मोठ्या मालकांना कामगारांच्या आरोग्यावर ठरावीक खर्च करायला लावला. आपल्याकडं डॉक्टर, गोळ्या, इमारती थोड्याफार आहेत. कुणाचं नाव कुठल्या केंद्राला बांधलेलं नाही. त्यामुळं रुग्ण पुढं पोहोचला का, परत आला का, हे विचारणारं कुणी नसतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या विष्णुपुरीत २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात होते. तेव्हा रुग्णालयानं जी कारणं सांगितली त्यात लांबून, अत्यवस्थ होऊन शेवटच्या टप्प्यावर आलेले रुग्ण हेही होतं. औषधं आणि मनुष्यबळाचे प्रश्न होतेच, पण खालच्या पायऱ्या वेळेवर आणि नीट पुढं पाठवत नसतील तर वरच्या दवाखान्यात कितीही खाटा टाका.

म्हणून चिठ्ठी नीट लिहून घेणं हे आजच्या घडीला रुग्णाच्या नातेवाइकाचंच काम आहे. चिठ्ठीवर तारखेसोबत वेळ हवी. बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन हवा. काय दिलं आणि किती वाजता दिलं, हे सगळ्यात महत्त्वाचं. एक उदाहरण पुरे. गरोदर बाईचं बीपी चढून झटके आले तर पाठवण्याआधी दोन्ही नितंबांवर ५-५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते दिलं आणि लिहिलं नाही, तर पुढचा डॉक्टर एकतर पुन्हा देईल, जे धोक्याचं, नाहीतर खात्री करण्यात वेळ जाईल. रक्तगट आणि हिमोग्लोबिन लिहिलेलं असलं की रक्तपेढीत अर्धा तास वाचतो. पाठवण्याचं कारण ‘उच्चस्तरीय उपचार’ असं गुळमुळीत नको. ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही’ किंवा ‘प्लेटलेट कमी, रक्तस्राव’ असं हवं. डॉक्टरचं नाव, सही, शिक्का. आणि निघायच्या आधी डॉक्टरला पुढच्या ठिकाणी फोन करायला सांगा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला गाडी फुकट आहे, १०२ किंवा १०८; रिक्षा शोधत बसू नका. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, कारण कॅज्युअल्टीत ती हातोहात गायब होते.

बाळंतपणापुरता सोपा उपाय असा: छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत ठरवा की कुठं जायचं. आधीच्या वेळी सिझेरियन, जुळी, बीपी, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, बाळ आडवं, यातलं काही असेल तर मनपाच्या प्रसूतिगृहाचा नाद सोडा आणि मोठ्या दवाखान्यात एकदा ओपीडीला जाऊन तिथलाही केसपेपर काढून ठेवा.

ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतो. मनपाचा त्याच्याशी थेट संबंध नाही, पण मनपाच्या केंद्रातला डॉक्टर याबद्दल एक वाक्य बोलला असता तर अनेकांची जमीन गहाण पडली नसती, म्हणून इथं लिहितो. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशन कार्ड चालतं. मराठवाड्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना हे त्याआधीही मिळायचं, फक्त सातबारा लागायचा. ७० आणि त्यापुढच्या माणसाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डही मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. ओपीडीच्या तपासण्या आणि गोळ्या यात बसत नाहीत. भरती, ऑपरेशन, डायलिसिस, केमो बसतं. दवाखान्यात गेल्या गेल्या पैसे न भरता आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल शोधा. मूळ रेशन कार्ड, त्याचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आणि आधार द्या. क्रमांक ऑनलाइन चढलेला नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं लागतं, आणि रुग्ण खाटेवर असताना ते जीवघेणं होतं. आजच तपासून ठेवा. नव्या सुनेचं आणि नातवाचं नाव कार्डावर चढवा. दवाखाना ‘योजनेत आहे’ एवढ्यानं भागत नाही. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत. मंजुरी आल्यावर तपासण्या, औषधं, जेवण आणि परतीचं भाडं त्यातच असतं. वेगळं बिल मागितलं तर तिथूनच १५५३८८ वर फोन लावा. अपघात किंवा तातडीच्या वेळी आधी भरती, कागद नंतर, अशी सोय आहे. ‘आधी कागद आणा’ हे उत्तर घेऊ नका.

डेंग्यू हा मनपाच्या सेवेचा दुसरा चेहरा, आणि इथं ती सगळ्यात कमजोर पडते. धूर फवारणी दिसायला जोरदार. ती उडणारे डास मारते, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. खरं काम घरोघरी भांडी तपासण्याचं आणि अळ्या मारणारं अॅबेट टाकण्याचं. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, असं पत्रकात छापतात, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. पण जिथं नळच आठवड्यानं किंवा त्याहून उशिरा येतो तिथं ड्रममधलं पाणी ओतून देणार कोण? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या बाईला ‘हौद रिकामा करा’ सांगणं म्हणजे थट्टाच. त्यापेक्षा ड्रमला घट्ट कापड बांधा, न झाकता येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा (मागितल्यास मनपाचे कर्मचारी देतात), आणि नळ येईल त्या दिवशी ड्रमची आतली बाजू घासा, कारण अंडी कडेला चिकटतात.

तपासणीत पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम. एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं झालेलीच पक्की धरतात. खासगीतल्या झटपट पट्टीवर ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून घाबरून भरती होण्याआधी केंद्रात नमुना द्या, तो पुढं प्रयोगशाळेत जातो. नुसता प्लेटलेटचा आकडा बघून बाटल्या चढवू नका. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या वर प्लेटलेट देण्याचं सहसा कारण नसतं. जपायचं ते ताप उतरतो तेव्हा. पोटात सतत दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यातलं काही दिसलं तर तडक मोठा दवाखाना.

माणसांबद्दल. बहुतेक सिस्टर, फार्मासिस्ट, टेक्निशियन कंत्राटी आहेत. त्यांचे पगार रखडतात, संप होतो, चांगला डॉक्टर दुसरीकडं जातो. त्यामुळं एका केंद्राबद्दल मागच्या वर्षी ऐकलेलं यंदा खरं असेलच असं नाही. वस्तीतली आशाताई मात्र बहुधा तीच असते. कुठलं केंद्र सध्या नीट चालतंय, सोनोग्राफी कुठं होते, गोळ्या कधी आल्या, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तिचा नंबर घेऊन ठेवा.

तक्रार करायची तर कुठं? पूर्वी नगरसेवकाला गाठायचं. संभाजीनगरात २०२० पासून, नांदेड, लातूर, परभणीत २०२२ पासून काही वर्षं प्रशासकच होते, तेव्हा ती वाटही बंद होती. तोंडी तक्रारीला किंमत नाही. औषध नसेल तर फार्मासिस्टकडून केसपेपरवर ‘उपलब्ध नाही’ एवढे दोन शब्द, तारीख आणि सही घ्या. बहुतेक वेळा हे मागताच आतल्या कपाटातून पाकीट निघतं. नाहीच निघालं, तर त्या केसपेपरची झेरॉक्स जोडून आरोग्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे साध्या कागदावर अर्ज करा, मनपाच्या मुख्य इमारतीत आवक-जावक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या. तोच क्रमांक टाकून ‘आपले सरकार’ पोर्टलवरही नोंदवता येतं. अर्जात डॉक्टरच्या वागण्याबद्दल चार पानं लिहू नका. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती तारखेला नव्हतं, बाहेरून किती रुपयांना घेतलं, बिलाची प्रत, एवढंच.